मळीतला चर

गावोगावी जमिनीत पाइप पुरून त्यातून इंटरनेटची केबल ओढायची, हा माझा धंदा. रस्त्याच्या कडेला पाइपांची भेंडोळी घेऊन काम करणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यांच्यावर ओरडणारा जो एक असतो, तो मी. ओरडणं मला जमतंही. पण वारणानगरच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या एका गावात मागे एका उन्हाळ्यात जे बघितलं, तेव्हापासून कुठंही टिकाव घालायला सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

त्या गावाला केबल हवी होती ती हौसेपायी नव्हे. पूर आला की रस्ता बुडायचा, वीज जायची, फोन मुके व्हायचे आणि आत अडकलेल्या माणसांची खबर बाहेर कळायची नाही. जमिनीखालून केबल आली असती तर बॅटरीवर का होईना, बोलता आलं असतं. म्हणून अख्खं गाव माझ्या वाटेकडे डोळे लावून बसलं होतं. अडचण एकच होती, गाव आणि मोठा रस्ता यांच्यामधल्या मळीची. मळी म्हणजे नदीनं वर्षानुवर्षं आणून टाकलेल्या गाळाची जमीन. तिच्या मधोमध एक खोलगट पाणथळ होती. भर वैशाखात आजूबाजूची ढेकळं तापून फुटत होती आणि इथं गुडघाभर पाणी, हिरवागार लव्हाळा, चिखलात चोच खुपसत चाललेले करकोचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गाडीवरून उतरलो आणि आपण कशासाठी आलोय तेच विसरलो.

पाणथळीच्या काठावर एका मावशींचं घर होतं. नवरा वारलेला, लेक तिकडे नेसरीला दिलेली. दूध घालून त्यांचं चालायचं आणि त्यांच्या म्हशी उन्हाळाभर या पाण्यात बसून असायच्या. मावशींनी मला बसवून दूध पाजलं आणि या खोलगटाची थोरवी सांगितली. पूर येतो तेव्हा पाणी आधी इथं शिरतं, पसरतं, इथं त्याचा जोर मोडतो आणि मग ते घरांकडे वळतं. तेवढ्या वेळात माणसं दावी सोडून जनावरं वरच्या शाळेत नेतात. मी त्यांना शब्द दिला की पाणथळीला हात लावणार नाही. यंत्रानं अलीकडच्या टणक जमिनीत शिरायचं, पाणथळीच्या पोटाखालून खोल भोक पाडत जायचं आणि पलीकडं निघायचं, असं ठरलं. यंत्र दुसऱ्या कामावर अडकलं होतं, तेवढं थांबायचं होतं.

थांबणं हा प्रकार आमच्या जिल्ह्याला मानवत नाही. पावण्याला एवढी वाट बघायला लावायची म्हणजे गावाची लाज, असं तिथल्या तरुण मंडळाला वाटलं. रविवारी त्यांनी श्रमदान पुकारलं, गणपतीचा स्पीकर बाहेर काढला, चहाचं पातेलं चढवलं आणि टिकाव, खोरी, पाट्या घेऊन सगळे पाणथळीत उतरले. सोमवारी मी गेलो तर गावापासून मोठ्या रस्त्यापर्यंत, दोरी लावून मारलेला सरळसोट चर तयार! मंडळाच्या अध्यक्षानं माझ्या हातात नारळ ठेवला.

"पावणं, तुमचं काम हलकं केलंय की. आता निस्ता पाइप टाका, मशीन कशाला पायजे?"

माझं डोकंच सरकलं. मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बिचारे कौतुकाची वाट बघत उभे होते आणि त्यांना कळेना की या माणसाला झालंय तरी काय. बोलता बोलता मी चरात डोकावलो आणि तिथंच उकिडवा बसलो.

चराच्या भिंतीत मळी उभी कापलेली दिसत होती. वर मुळांची गोधडीसारखी जाड वीण. तिच्याखाली काळी माती, मग निळसर राखाडी चिकण, मग पुन्हा काळी, आणि मध्ये मध्ये वाळूच्या बारीक रेघा. एकेक रेघ म्हणजे कधीकाळी येऊन गेलेला एकेक पूर. कुणाच्या आजोबा-पणजोबांनी जनावरं सोडून पळ काढला असेल, त्या पुराची रेघ माझ्या करंगळीएवढी होती. रेघांमध्ये गोगलगायींची पांढरी कवचं बसली होती. एका ढेकळाला बोट लावलं तर ते हललं. आत बेडूक होता. त्यानं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा मिटले. इतकी वर्षं जमीन खोदत आलो, पण मला ती मीटरात मोजायची वस्तू वाटायची. ती राहती आहे हे मला त्या दिवशी समजलं.

चराच्या तळाशी मात्र पाणी पळत होतं. खोदताना पाणी आड येऊ नये म्हणून मंडळानं पाणथळीचा काठ फोडून चराचा एक फाटा खालच्या ओढ्याकडं उतरवला होता आणि सगळं पाणी त्या वाटेनं निघालं होतं. दुसऱ्या दिवशी तिथं नुसता चिखल उरला. करकोचे उडून गेले. म्हशी काठावर येऊन उभ्या राहायच्या आणि हलायच्या नाहीत. मावशी मला म्हणाल्या, रविवारी टेम्पो सांगितलाय, म्हशी लेकीकडं पाठवायच्या. आणि पुढं म्हणाल्या, "म्हशीच न्हाईत, तर मी हितं कुणासाठी ऱ्हाऊ?"

चर नुसता बुजवून भागत नाही. एकदा मोकळी झालेली माती पाण्याला आतून वाट देतच राहते. त्यासाठी ठिकठिकाणी मळलेल्या चिकणमातीचं बूच ठोकावं लागतं आणि बाकीचे थर होते त्याच क्रमानं परत लावावे लागतात. मी हे सांगितल्यावर गुरुवारी मंडळ पुन्हा चिखलात उतरलं, या वेळी स्पीकर नव्हता. तालमीत घुमणारी दांडगी पोरं ओंजळीत बेडूक धरून ओल्या गवताखाली ठेवत होती. ते बघून राग धरणं अवघड होतं. पण माती तुडवता तुडवता त्यांच्या पायांत गोळे आले आणि ती काही एकजीव होईना.

तेव्हा मावशींनी दावी सोडली. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी म्हशी चिकणमातीच्या ढिगावर घातल्या आणि स्वतः चिखलात उभ्या राहून गोल गोल फिरवल्या. खुरांखाली माती लोण्यासारखी झाली. पोरं ती उचलून चरात भरत होती आणि धुम्मसानं ठोकत होती. शेवटी वर मुळांची गोधडी अंथरली. केबल पुढं यंत्र आल्यावर ठरल्याप्रमाणं पाणथळीच्या पोटाखालून गेली, पण त्या दिवशी तिची आठवण कुणालाच नव्हती.

मग पाणी परत येतंय का, याची वाट बघणं आलं. शुक्रवार कोरडा गेला. शनिवारी माती ओलसर वाटली, पण ओलीवर म्हशी बसत नाहीत. रविवारी सकाळी मी पोचलो तेव्हा टेम्पो दारात लागला होता आणि मावशी म्हशींच्या गळ्यात दोरी बांधत होत्या. मला त्यांच्याकडं बघवेना, म्हणून मी पाणथळीकडं गेलो.

लव्हाळ्याच्या बुडाशी काहीतरी चमकलं. मी खाली बसलो. पाणी होतं. वरून पाऊस नाही, बाजूनं पाट नाही, ते मातीतूनच वर येत होतं, आवाज न करता, एकेका मुळाभोवती. माझ्या बुटाचा ठसा माझ्यादेखत भरला. समोर जोतिबाच्या अंगाला डोंगराची रांग उभी होती आणि मला वाटलं, त्या दगडांत मुरलेला कुठल्या सालचा पाऊस हा, किती वर्षं अंधारातून चालत आज इथं पोचतोय!

मावशी मागं येऊन उभ्या होत्या, हे मला नंतर दिसलं. त्यांनी वहाणा काढल्या आणि पाण्यात पाय ठेवला. मग टेम्पोवाल्याकडं वळून म्हणाल्या, "जा बाबा तू. म्हशी हितंच ऱ्हात्यात."

तो गाडी वळवेपर्यंत म्हशी दोरीसकट पाण्यात जाऊन बसल्या होत्या. पाणी जेमतेम त्यांच्या पोटाला लागत होतं. मावशी काठावर बसून रडत होत्या, आणि मीही.