टप, खोके आणि कट्यार

सर्व विवाहित नागरिकांनी कृपया उभे राहावे. टोप्या असतील त्यांनी त्या काढून हातात घ्याव्यात. वर्धा जिल्ह्याच्या इतिहासातील एका अतिगंभीर घटनेची अधिकृत हकिकत आज प्रथमच जाहीर होत आहे. घटनेचा एकमेव प्रत्यक्षदर्शी साक्षीदार मी आहे. प्रत्यक्षदर्शी हा शब्द मात्र तितकासा बरोबर नाही, कारण मला त्या वेळी फार काही दिसत नव्हतं. बसा आता.

गाडी माझ्या मोठ्या बाबांची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची. दोन दारांची, सायीच्या रंगाची, वर लोखंडी कमानींवर ताणलेला कापडी टप. टप मागे घडी केला की गाडी उघडी. नागपूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून मोठ्या बाबांनी ती घेतली, तेव्हाच ती माझ्याहून वयाने मोठी होती. आमचं कापडाचं दुकान, घर सिंदी मेघेला, आणि घरात कोणाचंही लग्न निघालं की नवरदेव याच गाडीतून, उघड्या टपाने, साऱ्या गावाला तोंड दाखवत जायचा. नव्वदचं दशक निम्मं उलटलं आणि माझी पाळी आली.

मुलगी केळझरची. पाहायला गेलो तेव्हा तिने मान वर केली नाही. मी तिचा भांग पाहिला, पोह्यांची बशी धरलेली बोटं पाहिली आणि हो म्हणालो. कुंकवाच्या कार्यक्रमाला, म्हणजे साखरपुड्याला, मुलाने जायची आमच्यात पद्धत नव्हती. तिथून परत आलेली माझी बहीण हसून हसून खाली बसली. "दादा, ते पोरगी म्हणे म्या तं त्याईचं तोंडच नाई पाह्यलं. मान खाली होती. आता वरातीत गच्चीवरून पाहीन म्हणे!"

म्हणजे माझं पहिलं दर्शन गच्चीवरून, चालत्या गाडीत होणार होतं. मी दोन रात्री आरशासमोर काढल्या. चेहऱ्याचं फार काही करण्यासारखं नव्हतं. मग म्हटलं, निदान संगीत तरी चांगलं असावं.

गाडीत होता एक मूळचा रेडिओ. तो तापायला वेळ घ्यायचा आणि तापला की बाजारभाव सांगायचा. कापूस, तूर, सोयाबीन ऐकत नवरदेव आला, हे मला चालणार नव्हतं. मोठ्या बाबांकडे गेलो. ते म्हणाले, "लाव टेप. लाव काय लावायचं ते. पण माह्या गाडीले एक भोक नाई पाडायचं. एकबी नाई."

वर्ध्याला बसस्टँडजवळ टेप बसवणारा एक मिस्त्री होता. त्याने गाडीभोवती फेरी मारली. "भोक नाई? मग दरवाज्यात स्पीकर नाई बसत. बेस पायजे का नाई पायजे, भाऊ?"

"पायजे."

"मग डिब्बा पायजे."

मागच्या सीटच्या पाठीमागे एक रुंद, खोल, रिकामी जागा होती. मिस्त्रीने तिच्यात हात घातला, वितीने मोजलं आणि खूश होऊन म्हणाला, "पाहा, कंपनीनंच जागा सोडली हाये!" त्या जागेच्या मापाचे दोन प्लायवूडचे खोके झाले. एकेका खोक्यात ताटाएवढा स्पीकर. सीट काढून, खोके आत ठोकून, वरून सीट परत बसवून त्याने चार बोल्ट कसले. गाडीला एकही भोक पडलं नाही.

आता तुम्ही विचाराल की ती जागा कंपनीने कशाला सोडली होती. हा प्रश्न लग्नाआधीच्या त्या आठ दिवसांत आम्हा कोणाच्याही डोक्यात आला नाही. महिना मे होता. वर्ध्याच्या मे महिन्यात शहाणा माणूस डोक्यावरचं कापड काढत नाही, ना स्वतःच्या, ना गाडीच्या. होळीपासून टप लावलेला होता आणि बंद टपात ते स्पीकर असे वाजत की काय सांगू! मोठे बाबा स्वतः येऊन बसले, भजनाची कॅसेट लावली, डोळे मिटले. "पखवाज माह्या पोटात वाजून राह्यला रे," म्हणाले. पाच वेळा उलटून-पालटून ऐकली.

लग्न गोरज मुहूर्ताचं. दुपारच्या उन्हात टप लावूनच निघालो. मोठे बाबा गाडी हाकत होते. मी मागे, कपाळाला मुंडावळ्या, हातात कट्यार आणि कट्यारीच्या टोकाला लिंबू. शेजारी करवली म्हणून बहीण. नवरदेवाने हळदीपासून कट्यार सोडायची नाही, आणि मारुतीच्या पाया पडून एकदा गाडीत बसला की सासूने ओवाळल्याशिवाय जमिनीला पाय लावायचा नाही. हे दोन नियम लक्षात ठेवा, सगळी फजिती त्यांच्यावर उभी आहे.

केळझरला मारुतीच्या देवळात नारळ फोडला, मी गाडीत बसलो, आणि मोठे बाबा थाटात म्हणाले, "चला, उघडा आता टप. पाहू द्या गावाले."

खटके काढले. दोन वऱ्हाडी दोन बाजूंनी लागले. टप निम्मा मागे गेला आणि थांबला. त्यांनी दाबला. खाली खोक्यांतून लाकडाचा आवाज आला. मोठ्या बाबांनी मागे वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग हळूच माझ्याकडे पाहिलं.

ती जागा टपासाठी होती.

"वर घ्या परत," मी म्हणालो. त्यांनी वर ओढला. येईना. एक कमान दोन खोक्यांच्या फटीत जाऊन अशी रुतली होती की टप ना वर, ना खाली. माझ्या डोक्यावर तो जांभई दिलेल्या म्हशीच्या जबड्यासारखा उभा राहिला, आणि सैल पडलेलं कापड माझ्या नाकाशी येऊन लोंबलं.

"खोके काढा!" मी कापडाआडून ओरडलो.

"खोके सीटमागं हायेत," मोठे बाबा म्हणाले.

"मग सीट काढा!"

"सीटवर तू हायेस."

"मग मी उतरतो!"

"खबरदार!" बहीण किंचाळली. "पाय खाली ठेवशीन तं! अपशकुन करतं काय?"

"नवरदेवानं बोलायचं नसते," मोठे बाबा म्हणाले आणि गाडी चालू केली.

तर अशा रीतीने, माझ्याच हौसेच्या पिंजऱ्यात बसून, मी वरातीला निघालो. टेप लावला. दाबलेल्या टपाने एक तार चेमटली होती. गाणं गेलं आणि एका खोक्यातला फक्त बेस उरला. धप. धप. धप. समोर मुलीकडच्यांचा बँड सनई-पिपाणीसकट वाजत होता, त्यात माझं एवढंच संगीत. कोणीतरी भला माणूस बॉनेटला कान लावून मोठ्या बाबांना म्हणाला, "पाव्हणं, इंजिन ठोकून राह्यलं ना तुमचं!"

कट्यार आडवी धरायची नसते. उभी धरली तर कापडाला लागे. शेवटी टप आणि दार यांच्यातल्या फटीतून मी ती तिरपी करून लिंबासकट बाहेर काढली, तेवढीच तिला हवा लागली. बहीण पुढच्या सीटवर सरकून सगळ्यांना हात जोडत होती. मी वाकून, मान वेळावून, कापडाला फुंकर मारून गच्ची शोधत होतो. तिचं घर आलं हे बायकांच्या आवाजावरून कळलं. फटीतून मला गच्चीचा कठडा दिसला, कठड्यावर हिरव्या बांगड्यांचे आठ-दहा हात दिसले. त्यातले दोन तिचे असणार. कोणते, कोण जाणे. मी सगळ्यांकडे बघून हसलो. ते हसू कापडाच्या आतच राहिलं.

मांडवाच्या दारात सासूबाईंनी आरतीचं ताट कापडाखालून आत सरकवलं आणि अंदाजाने माझ्या गुडघ्यांना ओवाळलं. मेव्हण्याने मला आडवा करून, खाट दारातून काढतात तसा बाहेर काढला. खोके दुसऱ्या दिवशी निघाले. पुढे बरीच वर्षं त्यांत आमचे कांदे-बटाटे राहिले, आणि राहिले फार छान.

पण त्या संध्याकाळी मला कांद्यांचं भविष्य ठाऊक नव्हतं. मी पाटावर उभा होतो, समोर अंतरपाट, पलीकडे ती. मला एवढंच कळत होतं की तिने मला पाहिलेलं नाही, आता मी अगदी समोर आहे, आणि मदतीला ना गाडी आहे, ना गाणं. भटजींनी शेवटचं मंगलाष्टक संपवलं. अक्षता पडल्या. अंतरपाट बाजूला झाला. भटजींचा माईक आमच्या दोघांच्या मधोमध, चालूच.

तिने पहिल्यांदा मान वर केली. मला पाहिलं. मग माझ्या हातातल्या कट्यारीच्या टोकाकडे पाहिलं, पुन्हा मला पाहिलं, आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशी बोलून गेली,

"अवं माय! मले तं वाटलं, गाडीत नुसतं लिंबूच आलं!"