दुसरं पॅकिंग

वडील गेल्यावर आज पहिल्यांदाच मोटारसायकलचं इंजिन खोललं आणि जळक्या ऑइलच्या वासाबरोबर तो दिवस समोर आला.

कामशेतच्या आमच्या गॅरेजात आबांनी, म्हणजे वडिलांनी, मी आणलेला जास्त ताकदीचा फोर्ज्ड पिस्टन तळहातावर तोलला. "ह्यो सोसंल रं, पर हितलं पेट्रोल एवढं कॉम्प्रेशन, एवढा दाब सोसायचं न्हाई. घाटात इंजिन खडखडंल."

"आबा, तुमाला जुन्याच गाड्या कळत्यात."

त्यांनी एकट्यानंच इंजिन जोडलं.

लोणावळ्याच्या चढाला ते कधीच खडखडलं नाही. मागं बसलेल्या आबांना मी दर वेळी डिवचायचो, "बघा, कुटं खडखडतंय?" ते नुसते हसायचे.

आज सिलिंडरच्या हेडखाली एकाऐवजी दोन पॅकिंग निघाली. जादा पॅकिंगनं हेड वर उचलून कॉम्प्रेशन त्यांनी गुपचूप कमी केलं होतं.

"आबा, तुमचंच खरं होतं," हे ऐकायला आता मागं कोणी बसत नाही.