चौदा नंबरची चिठ्ठी

आमच्या पुनर्वसनाच्या गावात माझा हात शुभ मानतात. पेरणीला धानाची पहिली मूठ टाकायची असो, नव्या बोअरवर नारळ फोडायचा असो, मला बोलावणं येतं. मी जातोही. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागेल, आणि खरं कारण सांगण्याची माझी छाती नव्हती.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आमचं जुनं गाव गेलं, तेव्हा नव्या जागेचे प्लॉट ईश्वरचिठ्ठीनं वाटायचं ठरलं. प्लॉटचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहायचे, त्या एका भांड्यात टाकायच्या आणि घरटी एकानं हात घालून एक काढायची. जो नंबर निघेल तो देवानं दिला, मग कुणी तक्रार करायची नाही. पद्धत बरी होती. माणसानं केलेली वाटणी आमच्याकडे कुणी मुकाट्यानं मान्य केली नसती.

माझं अक्षर चांगलं आणि मी बारावी पास, म्हणून चिठ्ठ्या लिहायला मला बसवलं. नंबर लिहायचा, घडी घालायची, पाणी भरायच्या स्टीलच्या गुंडात टाकायची. चौदा नंबर लिहिला आणि माझा हात थांबला. तो प्लॉट मी आदल्या दिवशी पाहून आलो होतो. कोपऱ्यावरचा, उंच जागेचा, डांबरी रस्त्याला लागून. ती चिठ्ठी मी गुंडात टाकली नाही, शर्टाच्या दुमडलेल्या बाहीत सारली. नंतर चिठ्ठ्या कुणी मोजल्या नाहीत. माझ्यावर विश्वास होता, म्हणून मोजल्या नाहीत.

चिठ्ठी काढायची यादी जुन्या घरांच्या क्रमानं होती. नदीकाठची दोन घरं शेवटची, एक माझ्या दोस्ताचं आणि एक आमचं. आम्ही दोघं एकाच भिंतीच्या अल्याड-पल्याड वाढलो होतो. त्याच्याकडे कोंबडं कापलं की वाटीभर रस्सा आमच्याकडे यायचाच. एकेक चिठ्ठी निघत होती, पुनर्वसन खात्याचे साहेब मोठ्यानं नंबर वाचून नकाशावर फुली मारत होते. शेवटी नकाशात दोनच चौकोन उरले. एक चौदा नंबर, आणि दुसरा पार नाल्याच्या कडेचा, जिथं पाणी साचणार हे कुणीही सांगितलं असतं. सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट, आणि काढणारे आम्ही दोघं! गावाला मजा वाटायला लागली.

पाळी दोस्ताची होती. तो उठला, दोन पावलं चाललाही. मग त्याचं लक्ष माझ्या बापाकडे गेलं. बाप तापानं फणफणत झाडाखाली बसला होता. दोस्त साहेबांना म्हणाला, "याले आधी काढू द्या जी. बापाले घरी न्या लागते त्याले."

मी पुढे झालो. जाताजाता बाहीतली चिठ्ठी तळहातात घेतली आणि गुंडात हात घातला. तळाशी असलेली एकुलती एक चिठ्ठी बोटांना लागली. त्या वेळी तळहातातली खाली सोडून, दोन्ही चिठ्ठ्या हलवून, जी हाताला येईल ती मी उचलू शकलो असतो. कुणी अडवलं नव्हतं. पुढे लोकांनी ग्रहांचं आणि योगाचं काय काय जोडलं, पण त्या गुंडात फक्त माझा हात होता. मी चौदा नंबर वर काढला. टाळ्या पडल्या. त्यानं उरलेली चिठ्ठी काढली, न वाचताच साहेबांना दिली आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

तेव्हापासून दर पावसाळ्यात नाला त्याच्या अंगणात येतो. भिंतींना कमरेपर्यंत ओल असते. त्याची बायको, माझी वहिनीच ती, शेवाळावरून घसरून पडली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. अजून काठी टेकत एक पाय ओढत चालते. मी दवाखान्याच्या खेपा घातल्या, अंगणात भर टाकायला मुरूम आणून दिला, पाणी चढलं की त्यांची धानाची पोती आमच्या ओसरीत रचली. दोस्त असावा तर असा, असं लोक म्हणायचे. मी कबुली सोडून सगळं केलं.

त्यानं मात्र कधी कुणाला दोष दिला नाही. "देवानंच माह्या तोंडून वदवलं गा, याले आधी काढू द्या म्हनून. माह्याच वाट्याचा होता हा नाल्याचा प्लॉट," असं म्हणायचा. ऐकून ऐकून मलाही पटायला लागलं होतं. त्याच्या नशिबात नालाच असेल, तर माझ्या बाहीत चिठ्ठी जाणंही कुठंतरी ठरलेलं असेल, मग माझा काय दोष? नशीब मला फार सोयीचं पडलं. पण वहिनीची काठी दारात वाजली की ही सगळी हुशारी माझ्या अंगावर यायची.

यंदा उन्हाळ्यात त्याच्या नातीचं उष्टावण होतं. पहिला घास आजोबानं भरवायचा म्हणून सगळे थांबले, तर त्यानं खिरीची वाटी माझ्यापुढे धरली. "तूच भरव. माहं नशीब नोको पोरीले. तुहं लागू दे."

तेव्हाही मला नाही म्हणता आलं असतं. मी भरवलं. पोरीनं माझं बोट चोखलं, बाया हसल्या, आणि मला तिथं उभं राहवेना.

पंगती उठल्यावर तो मागच्या अंगणात खिरीचा गंज, मोठं पातेलंच ते, घासत बसला होता. मी त्याच्याजवळ उकिडवा बसलो आणि बाहीपासून तळहातापर्यंत सगळं सांगून टाकलं. तो घासायचा थांबला.

"मी आधी हात घातला असता तं?" त्यानं विचारलं.

"तुले दोनाच्या जागी एकच चिठ्ठी सापडली असती. मी पकडल्या गेलो असतो."

"म्हंजे तुह्या बापाची कीव आली मले, म्हनून तू वाचला."

मी मान हलवली. त्यानं तो गंज माझ्या डोक्यात घातला असता तर बरं झालं असतं. मीच घाईघाईनं बोलत सुटलो. "वहिनीलेही सांगतो, पाया पडतो तिच्या. आपन घरं बदलवून घेऊ."

"चूप राह्य," तो म्हणाला. "घर बदलवून देशीन. तिची कंबर बदलवून देशीन का? नशीब म्हनून सोसलं तिनं. तू केलं म्हनून नाही सोसवनार तिले. तिले एक शब्द सांगाचा नाही."

त्यानं गंज पालथा घातला आणि घरात निघून गेला.

पंधरा दिवसांपूर्वी नाल्याला पूर आला. भरदुपारी वहिनी एकटीच आमच्या घरी आली, एका हातात काठी, काखेत कपड्यांचं गाठोडं, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. मी धावत जाऊन गाठोडं घेतलं. ओसरीत टेकून तिनं दम घेतला आणि म्हणाली, "भाऊजी, तुमचं घर आहे म्हनून आमी आहो. तेवढं एक नशीब चांगलं आहे आमचं."

मी विचारलं, "तो कुठं आहे?"

"घरीच. चला म्हटलं तं आयकत नाही. खाटेवर बसून आहे, खाली गुडघाभर पाणी. काहून असे करून राहिले, काही समजत नाही बापा."

मला समजत होतं. माझ्या ओसरीत पाय ठेवायचा नाही, हे त्याचं त्यानं ठरवलं होतं.