आवाज जुळत नाही

मंडळी, आज सकाळी माझ्याच फोनने मला ओळखायला नकार दिला.

बँकेच्या ॲपमध्ये आता आवाजावरून ओळख पटवायची सोय आहे. समोर आलेलं वाक्य मोठ्याने वाचायचं, बस. मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा एकच उत्तर, "आवाज जुळत नाही."

मग डोक्यात प्रकाश पडला. आवाज नोंदवला तेव्हा मी तारापूरच्या कारखान्यात बॉयलरवर होतो. तिथे एवढा आवाज की साधं "चहा घेणार का" हेही ओरडून विचारायचं. नोंदणीही तशीच ओरडून केली होती. निवृत्तीनंतर बोईसरच्या या खोलीत एकटाच राहतो. इथे ओरडणार कोणाला?

शेवटी दार लावलं आणि बॉयलरवर ओरडायचो तसा ओरडलो. लगेच जुळला!

पण शेजारच्या खोलीतल्या, मूळच्या बेटेगावच्या ताई धावत आल्या. "काका, बरं हाय ना?"

"काही नाही हो, फोनशी बोलत होतो."

त्या हसल्या. "आठ महिन्यांत तुमचा आवाज आज पयल्यांदा ऐकला. आमाला वाटायचं, तुमाला बोलताच येत नाय."

त्या गेल्या, पण दार मी अजून उघडंच ठेवलंय.

तुमचा आवाज शेजाऱ्यांनी शेवटचा कधी ऐकला?