बसवण्याचे वेगळे, बॅलन्सचे वेगळे

मोटरसायकलचं टायर बसवून, बॅलन्स करून द्यायला किती पडतात, या साध्या प्रश्नाचं उत्तर मिस्त्रींच्या दुकानात हवामानावर अवलंबून असायचं.

मिस्त्रींचं दुकान म्हणजे रस्त्याच्या कोपऱ्यावरची एक खोली. आत भिंतीला टेकलेल्या टायरांच्या चळती, हवेचा कॉम्प्रेसर, साबणाच्या पाण्याची बादली, लोखंडी पट्ट्या, आणि चाक तोलायचा एक स्टँड. या खोलीत मिस्त्रींना कुणी हरवू शकत नसे. रिमला वर्षानुवर्षं चिकटून बसलेलं टायर ते असं सोडवायचे, की जणू रुसलेल्या पोराची समजूत काढताहेत. पण काम संपलं, गिऱ्हाइकाने खिशात हात घालून "किती झाले?" विचारलं, की मिस्त्रींची बोबडी वळे.

मग ते डाव्या हाताची पालथी बाजू कपाळावरून फिरवायचे आणि हाताकडे बघायचे. हात ओला असला तर एक आकडा पुटपुटायचे. कोरडा असला तर म्हणायचे, "द्या काय ते."

हे त्यांच्या उस्तादांचं शिक्षण. "घाम आल्याशिवाय पैशाला हात लावायचा नाही," असं उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. उस्तादांचं एक बरं होतं. त्यांचा देह असा ऐसपैस होता, की नुसतं पान्याकडे बघितलं तरी ते घामाने निथळायचे. त्यांना हा नियम फार फायद्याचा पडला. मिस्त्री मात्र अंगाने काडी. त्यातून हात जसजसा बसत गेला, तसतसा घाम आटत गेला. काम जितकं सफाईदार, तितकी कमाई कमी, असा धंदा जगाच्या पाठीवर त्यांनी एकट्यानेच चालवला असेल.

चाक बॅलन्स करण्याचे तर ते काहीच घेत नसत. टायर चढवताना निदान चार वेळा जोर लावावा लागतो. बॅलन्स करताना काय? चाक स्टँडवर अलगद फिरवायचं, थांबू द्यायचं, जड बाजू खाली आली की समोरच्या बाजूला रिमवर चिमुकलं वजन चिकटवायचं, पुन्हा फिरवायचं. कुठेही थांबवलं तरी चाक जागचं हललं नाही, की झालं. यात अर्धा तास जातो, पण घामाचा थेंब येत नाही. मग त्याचे पैसे कसले घ्यायचे?

गिऱ्हाइकं काही दूधखुळी नव्हती. जाणकार मंडळी सकाळच्या गारव्यात यायची. निवृत्त पोस्टमास्तर तर त्याही पुढे गेले. ते मिस्त्रींच्या शेजारी स्टूल टाकून बसत आणि काम संपेपर्यंत घडी केलेल्या वर्तमानपत्राने त्यांना वारा घालत. "एवढ्या मोठ्या माणसाने आपल्याला वारा घालावा," म्हणून मिस्त्रींना भरून यायचं आणि ते पैसे आणखी कमी सांगायचे.

असं चाललं असतं आणखी कित्येक वर्षं. पण घरमालकाने भाडं वाढवलं.

मिस्त्रींच्या बायकोचा घरीच कपडे दुरुस्तीचा व्यवसाय होता. पॅन्टची उंची कमी करणं, कोटाच्या बाह्या आखूड करणं, चेन बदलणं. तिला घाम येवो न येवो, दर ठरलेला. पॅन्ट हातात घेण्याआधीच ती आकडा सांगायची, आणि तो अशा आवाजात, की गिऱ्हाईक निमूटपणे पाकीट काढायचं. तिने दुकानाचा हिशेब एकदा तोंडी मांडला आणि म्हणाली, "या महिन्यात भाडं निघालं नाही, तर पुढचा महिना नाही."

"मग काय करायचं?" मिस्त्रींनी विचारलं.

"माझा भाऊ आहे ना."

मेहुण्याचं संडास-बाथरूमच्या सामानाचं मोठं गोदाम होतं. त्याने मागेच सांगून ठेवलं होतं, "भावोजी, तुमच्यासाठी मॅनेजरची खुर्ची राखून ठेवलीय." मिस्त्री एकदा ती खुर्ची बघून आले होते. समोर कमोडच्या चार रांगा होत्या आणि मॅनेजरने त्या रोज सकाळ-संध्याकाळ मोजायच्या होत्या. एकही फिरत नव्हता, एकालाही हवा भरायची नव्हती. मिस्त्रींना त्या रात्री जेवण गेलं नव्हतं.

"एकतर तोंड उघडा," बायको म्हणाली, "नाहीतर कमोड मोजा."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली. मिस्त्री स्टुलावर बसले. बायको मोठ्या पातेल्याचं झाकण बगलेत मारून दारातून आत आली. मिस्त्रींची आई पाटावर बसून लसूण सोलत होती, ती परीक्षक.

"हे टायर बसवून, बॅलन्स करून द्यायला किती घ्याल?" बायकोने झाकण पुढे केलं.

मिस्त्रींचा डावा हात कपाळाकडे निघाला.

"हात खाली," बायको म्हणाली. "बसवायला किती वेळ लागतो?"

"पाव तास."

"आणि बॅलन्सला?"

"अर्धा."

"मग बसवण्याचे शंभर, बॅलन्सचे दोनशे. एका चाकाचे. काय अवघड आहे?"

"अगं, बॅलन्सचे जास्त? लोक हसतील. ते तर नुसतं बघत बसायचं काम आहे."

"कोटाच्या बाह्या कमी करते तेव्हा मला कुणी विचारतं का, वहिनी, घाम आला का म्हणून? चला, आकडा बोला."

मिस्त्रींनी घसा खाकरला. "तीनशे... म्हणजे तसे तीनशेच. पण अडीचशेही चालतील. तुम्ही घरचेच."

"मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही," बायको म्हणाली.

"हा लहानपणापासून असाच," आई लसणाकडे बघत म्हणाली. "कुणी याला मारलं, तर त्याचा हात दुखला का, ते हा आधी विचारायचा."

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी बॅलन्स फुकट करून दिलं आणि वर झाकणाला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी ते दोनशेवर अडले. तिसऱ्या दिवशी आकडा सरळ बाहेर पडला, पण डोळे मिटलेले होते. बायको हटली नाही. ती घासाघीस करायला लागली की भल्याभल्या भाजीवाल्यांचा कस लागे. ही विद्या तिच्या आईची. तिची आई बाजारात शिरली की भेंडीसुद्धा ताठ उभी राहायची म्हणे.

त्या विद्येचे डावही ठरलेले होते. आधी आश्चर्य: "एवढे? सोन्याचं लावता की काय?" मग स्पर्धा: "पलीकडे निम्म्यात करतात." मग माया: "आपण काय परके आहोत का?" मग तडजोड: "बरं, ना तुमचं ना माझं." आणि शेवटी ब्रह्मास्त्र: "राहू दे मग," म्हणून पाठ फिरवायची, चार पावलं चालायचं, आणि हाक यायची वाट बघायची.

मिस्त्री दर वेळी चौथ्या पावलाला कोसळायचे. "अहो, या या," म्हणत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत धावायचे.

"पाठ फिरली की बघायचंच नाही," बायको म्हणायची. "काहीतरी काम काढायचं. बोल्ट पुसायचा. चहा प्यायचा. पण हाक मारायची नाही."

अशी तालीम झाली. दुकानात मात्र रोजच्या गिऱ्हाइकांपुढे मिस्त्रींची जीभ टाळूला चिकटे ती चिकटेच. आकडा ओठांपर्यंत यायचा आणि "द्या काय ते" त्याला ढकलून पुढे व्हायचं. महिना संपत आला. बायकोने बोलणं सोडलं आणि मिस्त्रींच्या दोन शर्टांच्या कॉलर उलटवून शिवल्या. मॅनेजर नीटनेटका दिसला पाहिजे.

महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी दुकानापुढे एक मोटरसायकल येऊन थांबली. चकचकीत, रेड्यासारखी धिप्पाड. तिच्यावर मेहुणा, आणि मेहुण्याच्या मागे दोरीने बांधलेली दोन रुंद टायरं.

"भावोजी," मेहुणा उतरत म्हणाला, "ही टायरं सवलतीत मिळाली. बघा, काय स्वस्त पडली. तेवढी बसवून टाका आणि बॅलन्स करा. परवापासून तुम्ही माझ्याकडेच आहात, तर म्हटलं, दुकानातलं शेवटचं काम आपलंच होऊ दे."

मिस्त्रींनी बाह्या सरसावल्या. त्यांनी मोटरसायकल स्टँडवर घेतली, चाक काढलं आणि कामाला लागले. हवा सोडली. टायरची कड रिमपासून सोडवली. नव्या टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावलं, बाणाची दिशा तपासली आणि दोन पट्ट्यांनी ते असं चढवलं, की मेहुण्याला कळलंच नाही ते कधी चढलं. हवा भरताना टायर "फटाक" करून जागेवर बसलं, तेव्हा मेहुणा दचकला आणि मिस्त्री हसले. मग चाक स्टँडवर गेलं. फिरलं, थांबलं, मागे आलं. एक वजन. पुन्हा फिरलं. आणखी अर्धं वजन. मिस्त्री मान कलती करून बघत होते, पाळण्यातल्या मुलाला झोप लागली की नाही ते बघावं तसे. कमोड असं कधीच करणार नाही, असा एक विचार त्यांच्या मनात आला.

दोन्ही चाकं झाली, जागेवर बसली. मेहुण्याने टायरवर एक थाप मारली. "झकास. चहा सांगा, भावोजी. निघतो मग."

आणि मिस्त्रींच्या तोंडून, त्यांनाही न विचारता, शब्द बाहेर पडले. "सहाशे झाले."

मेहुणा इकडेतिकडे बघू लागला. "कुणाचे?"

"तुमचे. बसवण्याचे शंभर, बॅलन्सचे दोनशे. दोन चाकं."

मेहुण्याने भुवया वर चढवल्या. "एवढे? सोन्याचं लावता की काय?"

मिस्त्रींनी कान टवकारले. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. स्वर तोच, भुवयाही त्याच. बगलेत झाकण तेवढं नव्हतं. "टायर तुमचंच आहे," ते तालमीतलं उत्तर बोलले. "सोनं असलं तर ते तुमच्याकडेच राहील."

"अहो, पलीकडे निम्म्यात करतात," मेहुणा म्हणाला.

तेच. पुढचंच. अरे, ही तर एकाच आईची पोरं, मिस्त्रींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एकाच पिशवीची दोन टोकं धरून एकाच बाजारात वाढलेली. आता हा काय म्हणणार, ते त्यांना पाठ होतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाशी भाव करताना त्यांना मजा वाटू लागली. "पलीकडे बसवतात," ते म्हणाले. "तोलत नाहीत."

"पण आपण काय परके आहोत का?"

"परक्याला उद्या यायला सांगितलं असतं. तुमच्यासाठी दीड तास घालवला."

मेहुणा गोंधळला. इतक्या लवकर तिसरा डाव वाया जाणं त्याच्या अनुभवात नव्हतं. आणि तिथे त्याने तालमीत नसलेली चाल टाकली. तो वाकून मिस्त्रींच्या तोंडाकडे बघू लागला. "पण भावोजी, तुमचं कपाळ तर कोरडं ठणठणीत आहे. तुमचाच नियम ना?"

मिस्त्रींचा डावा हात उठला. अर्ध्या वाटेत थांबला. त्या हाताने त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. "कपाळ बंद केलंय. आता यावर चालतं."

"बरं," मेहुणा सावरून म्हणाला, "ना तुमचं..."

"...ना माझं," मिस्त्रींनी वाक्य पुरं केलं. "नाही. सहाशे."

"राहू दे मग."

मेहुणा पाठ फिरवून निघाला. एक, दोन, तीन, चार. मिस्त्रींनी चहाचा पेला तोंडाला लावला. पेला केव्हाच रिकामा झाला होता, तरी ते पीत राहिले. मेहुणा रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. हाक येईना. त्याने आकाशाकडे बघितलं, एक सायकल जाऊ दिली, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. भाजीवाल्यापुढे हा डाव हमखास चालतो, कारण तिथे भेंडी भाजीवाल्याची असते. इथे मेहुणा स्वतःचीच मोटरसायकल दुकानात ठेवून तडकाफडकी निघून चालला होता.

हे त्याच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. आलं तेव्हा तो मुकाट्याने परत फिरला आणि त्याने नोटा मोजून मिस्त्रींच्या हातावर ठेवल्या. मोटरसायकल सुरू करून एक लांबची चक्कर मारून आला, तेव्हा चेहऱ्यावरचा राग त्याला टिकवता येत नव्हता.

"भावोजी, हँडल थरथरतच नाही हो. नवी घेतली तेव्हासुद्धा थरथरायचं."

"तसंच असतं."

"बरं, मग परवा किती वाजता येताय?"

"परवा जमणार नाही," मिस्त्री म्हणाले. "परवा दुकान आहे." आणि हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की ते त्यांनी कारण नसताना आणखी एकदा म्हटलं. दुपारी एक दूधवाला पंक्चर टायर घेऊन आला, त्याला तर मिस्त्रींनी कामाआधीच आकडा सांगितला आणि डोळे उघडे ठेवून सांगितला. दूधवाल्याने "बरं" म्हणून पैसे दिले. इतकं सोपं असतं, हे कुणी आधी का सांगितलं नाही, म्हणून मिस्त्री बराच वेळ बादलीकडे बघत बसले.

संध्याकाळी घरी पोचले, तर बायको दारातच उभी. भावाचा फोन येऊन गेलेला दिसत होता.

"माझ्या भावाकडून पैसे घेतलेत तुम्ही?"

मिस्त्रींच्या पायातली चप्पल पायातच राहिली. ही शक्यता तालमीत कुणी घेतलीच नव्हती. "हो," ते म्हणाले.

"सख्ख्या मेहुण्याकडून?"

"हो."

"पूर्ण घेतले?"

"पूर्ण."

"बॅलन्सचे?"

"वेगळे. बसवण्याच्या दुप्पट."

बायकोने तोंड फिरवलं आणि शिलाई मशीनच्या चाकाशी काहीतरी उगाच करू लागली. तिचे खांदे हलत होते. मिस्त्री घाबरून पुढे गेले, तर ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "चार पावलं चालला का हो?"

"चार. मग नाडी बांधत बसला."

"लहानपणी बाजारातसुद्धा नाडीच बांधायचा."

आईने आतून विचारलं, "आणि त्या चाकांना चिकटवलेली वजनं? ती त्याने घरून आणली होती का?"

मिस्त्रींचा डावा हात कपाळाकडे गेला. वजनांचे पैसे सांगायचे राहूनच गेले होते.

बायकोने पदराने डोळे पुसले, फोन उचलला आणि भावाचा नंबर लावला.