दिव्याच्या खांबावरचा हार्लन

हार्लन नुटसन तसा खरं बोलणारा माणूस. विस्कॉन्सिनच्या त्या कोपऱ्यातल्या चीजच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली, पण वजनात कधी गुंजभर लबाडी केली नाही. खोटं बोलायचा तो तीनच बाबतींत: मासा केवढा होता, हरीण किती लांब होतं, आणि मागच्या नोव्हेंबरात आपण नेमके कुठं पडलो.

मागच्या नोव्हेंबरात त्याच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. गुत्त्यासमोर बर्फावरून पाय घसरला, असं त्यानं गावभर सांगितलं. पिऊन पडल्याची बदनामी त्यानं हसत पत्करली, कारण खरं सांगायची सोयच नव्हती. सासऱ्याच्या रानातल्या थोरल्या ओकवर त्यानं तरुणपणी फळकुटं ठोकून मचाणापर्यंत पायऱ्या केल्या होत्या. त्यातलं एक फळकूट कुजलं आणि हार्लन त्याच्यासकट खाली आला. आता सासऱ्यानं घालून दिलेला नियम असा, की हरणावरची गोळी चुकली तर शर्टाचं शेपूट, म्हणजे मागचं लोंबतं टोक, कापून भिंतीवर खिळायचं, आणि मचाणावरून जो पडेल त्यानं आपलं झाड सोडायचं. झाड घरात वयानं त्याच्या लगेच खालच्या माणसाला मिळणार, पडलेला जन्मभर जमिनीवर बसणार. सासरा जाऊन अकरा वर्षं झाली, पण नियम मोडायची कुणाची छाती नव्हती. त्यातून त्या ओकवर मेव्हण्याचा, म्हणजे लेलंडचा, फार दिवसांपासून डोळा.

हार्लनची बायको आर्डिस शाळेत शिवण शिकवायची. बर्फाची गोष्ट तिनं शांतपणे ऐकून घेतली आणि नवऱ्यापुढं सूप ठेवलं. मात्र यंदा सप्टेंबरात तो हातोडी आणि नवी फळकुटं घेऊन निघाला, तशी तिनं हातोडी काढून घेतली.

"फळकुटं बास झाली. दुकानातून नीट सामान आण, मी बघणार, मगच झाडावर. नाहीतर बस जमिनीवर."

"आर्डिस, मी सदुसष्ट वर्षांचा आहे. सात नाही."

"सात वर्षांचा असतास तर चढू दिलं असतं. उभा राहा. गुडघा उचल."

गळ्यातली टेप काढून तिनं, जणू पँटच शिवायची आहे अशा थाटात, त्याचं पाऊल किती उचलतं ते मोजलं. शस्त्रक्रियेनं बदललेल्या खुब्याचा पाय चौदा इंच उचलत होता. तिनं आकडा कागदावर लिहून पर्समध्ये टाकला.

दुकानात लेलंड आमंत्रण नसताना हजर होता. आत शिरल्याशिरल्या त्यानं शिडीच्या मचाणावर, म्हणजे वर बैठक बसवायच्या शिडीवर, थाप मारली. "हे घे हार्लन. आजोबा लोकांना फार सोयीचं पडतं म्हणे."

झालं! शिडी तिथंच बाद झाली. हार्लननं तिच्याकडं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

त्याचं मन बसलं होतं पट्ट्यांनी खोडाला बांधायच्या काठ्यांवर. हलक्या, खांद्यावर टाकायच्या, दोन्ही अंगांना पाय ठेवायला खुंट्या. हल्लीची तरुण मंडळी त्याच वापरतात. आर्डिसनं टेप लावली. खुंटीपासून खुंटी सतरा इंच.

"वरचे तीन इंच काय उडी मारणार?"

दुकानदार वेंडेल काउंटरखाली काहीतरी शोधू लागला. त्याचे खांदे हलत होते. मग त्यानं सरकतं मचाण दाखवलं. त्याचे खोडाला कवेत धरणारे दोन भाग: वरच्यात बसायचं, खालच्यात पाय अडकवायचे, एकदा वरचा सरकवायचा, एकदा पायांनी खालचा ओढायचा. हार्लनचे डोळे चमकले. आर्डिसनं नाक मुरडलं. "सुरवंटासारखं? या वयात?" शेवटी दोघं फक्त कमरेचा सुरक्षापट्टा घेऊन घरी आली.

सोमवारी हार्लन एकटाच गेला आणि सरकतं मचाण आणून शेडमध्ये बर्फ काढायच्या यंत्रामागं लपवलं. ओकचं खोड त्या मचाणाच्या कवेत मावेल का, हे त्यानं मोजलं नव्हतं. मोजण्याचं काम बायकोचं, असा त्याचा समज असावा.

ऑक्टोबरातल्या शनिवारी चर्चमध्ये लुटेफिस्कचं जेवण होतं. "पोट बरं नाही," हार्लन म्हणाला. त्या बुळबुळीत माशाच्या दिवशी हे कारण कुणालाही पटतं. आर्डिसला बटाटे वाढायचे होते; लेलंड तिला ट्रकमधून घेऊन गेला. ट्रक वळणाआड होतो न होतो तोच हार्लननं मचाण बाहेर काढलं आणि अंगणातल्या दिव्याच्या लाकडी खांबाला अडकवलं.

मचाणाचे दोन्ही भाग आधी दोरीनं एकमेकांना बांधा, असं खोक्यावर चित्रासकट छापलं होतं. दोरी खोक्यात राहिली आणि पट्टा स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर. हार्लन मात्र झपाट्यानं चढला. बारा फुटांवर पोचल्यावर त्याला वाटलं, आपण पंचविशीचे झालो. त्या आनंदात त्यानं जरा पाय सैल सोडले, आणि खालचा भाग खडखडत थेट जमिनीवर गेला.

आता हार्लन वर बसलेला, पाय हवेत, आणि उतरायला काही नाही. तेवढ्यात अंधारून आलं आणि डोक्यावरचा दिवा आपोआप लागला.

चर्चमधून सुटलेली सगळी मंडळी त्याच रस्त्यानं घरी जातात. एकेक गाडी हळू व्हायची, हॉर्न द्यायची. हार्लनही हात हलवायचा, दुसरं करणार काय? पाद्रीबुवांनी तर गाडीच थांबवली.

"हार्लन, सगळं ठीक ना?"

"दिवा बघतोय, पाद्रीबुवा!"

"पण तो तर लागलाय."

"म्हणूनच बघतोय!"

पाद्रीबुवांनी थोडा विचार केला आणि ते गेले. सगळ्यात शेवटी लेलंडचा ट्रक आला. लेलंड उतरला, वर पाहिलं आणि पोट धरून तिथंच ओणवा झाला. आर्डिस हसली नाही. ती खांबाखाली येऊन उभी राहिली.

"शिडी आणते. पण आधी सांग, मागच्या वर्षी कुठं पडलास?"

"गुत्त्यासमोर. किती वेळा सांगू?"

"गुत्त्यासमोर डांबर आहे. तुझ्या कोटाच्या कॉलरमध्ये ओकची साल होती. मी धुतलाय तो कोट."

हार्लननं लेलंडकडं पाहिलं. लेलंडचं हसू थांबलं होतं आणि कान टवकारले होते. हो म्हटलं की झाड गेलं. तेहतीस नोव्हेंबर त्या फांदीवर काढले होते. पण मांड्यांना मुंग्या आल्या होत्या, आणि आर्डिसचा आवाज रोजचा नव्हता. त्यात भांडण नव्हतंच.

"झाडावरून," तो म्हणाला. "दोन तास पाचोळ्यात पडून होतो. उठताच येईना."

"दोन तास," आर्डिस म्हणाली. "आणि मी बायकांबरोबर पत्ते खेळत होते. जिंकतसुद्धा होते."

लेलंडनं टोपी काढली. "वाईट वाटतं रे हार्लन, मनापासून. पण बाबांचा नियम म्हणजे नियम. झाड खालच्या माणसाला."

"खालची मी," आर्डिस म्हणाली. "तू माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेस."

"तू? पण तू कधी शिकारीला—"

"बाबांनी माणूस म्हटलं होतं. पुरुष म्हटलं नव्हतं. जा, शेडच्या मागं ताडपत्रीखाली शिडी आहे, ती आण."

लेलंड तोंडात मारल्यासारखा गेला आणि शिडी ओढत परतला. वेंडेलच्या दुकानातलं ते शिडीचं मचाण. आर्डिस ते बुधवारीच घेऊन आली होती. दोघांनी त्याची शिडी खांबाला लावली. हार्लन एकेक पाय टाकत उतरला. पायरीपासून पायरी बरोबर चौदा इंच होती. खुबा कुठंच अडला नाही.

खाली आल्यावर त्यानं गवतावर ठेवलेली मचाणाची बैठक पाहिली. ऐसपैस, बाकासारखी रुंद.

"ही दोघांची आहे," तो म्हणाला.

"हो."

"झाड तुझं झालं ना? मग दोघांची कशाला?"

"एक पडला तर दुसऱ्याला कळायला नको?" आर्डिस म्हणाली, आणि खोट्याचा नेम चुकला म्हणून त्याच्या शर्टाचं शेपूट कापायला लेलंडला आतून कात्री आणायला सांगितलं.