संग्रहालयाची तालीम

माझ्या मुलीला आधी सांगितलेलं सगळं सहन व्हायचं आणि न सांगितलेलं काहीच नाही. दुधाचा पेला बदलला, रिक्षावाल्यानं रोजची गल्ली सोडून दुसरीतून रिक्षा घातली, जेवून जाणारा पाहुणा मुक्कामाला राहिला, की ती जिथं असेल तिथं आडवी व्हायची आणि किंचाळायची. शेजारपाजारचे कुणी तिला हट्टी म्हणत, कुणी लाडावलेली. तेव्हाच्या औरंगाबादेत याहून वेगळा शब्द निदान आमच्या ओळखीतल्या कुणाकडे नव्हता, डॉक्टरांकडेसुद्धा नव्हता. एवढं मात्र आमचं आम्हाला कळलं होतं, की उद्या काय होणार ते आज सांगून ठेवलं तर ती वाघालाही घाबरायची नाही.

म्हणून रोज संध्याकाळी मी तिला उद्याचा दिवस सांगायचे. उठल्यावर कोणता फ्रॉक, डब्यात काय, बाई आधी गणित घेतील की मराठी. ती डोळे माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या बांगड्यांकडे लावून ऐकायची आणि एकदा ऐकलेलं कधी विसरायची नाही. माझा नवरा म्हणायचा, तू ज्योतिषी व्हायला हवी होतीस. मी म्हणायचे, ज्योतिषाचं चुकलं तर लोक हसून सोडून देतात, माझं चुकलं तर घरात काय होतं ते तुम्ही ऑफिसात असता म्हणून तुम्हाला माहीत नाही.

शाळा काही माझ्या सांगण्याप्रमाणे चालत नव्हती. दुसरीत गेल्यापासून ती वर्गात बरेचदा आडवी झाली. दिवाळीनंतर वर्गबाईंनी मला बोलावून घेतलं. बाई वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. वर्ग खचाखच भरलेला, वर मुख्याध्यापिकांची बोलणी. त्या म्हणाल्या, डिसेंबरात मुलांना संग्रहालय बघायला न्यायचंय. हिलाही नेते, पण आत मी एकटी नेईन. तुम्ही फाटकाबाहेर बसा.

"मी हाक मारली तरच आत या," त्या म्हणाल्या. "आणि हाक मारायची वेळ आली, तर मग तुम्ही तिचा दाखला काढून न्या. माझ्यानं नाही होणार."

दाखला काढून कुठं न्यायचा, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आधीच्या शाळेतून दाखला काढूनच तर आम्ही इथं आलो होतो. मी बरं म्हणाले.

दुसऱ्याच दुपारी मी एकटी जाऊन ते संग्रहालय बघून आले. गारखेड्याहून सिटीबस, शहागंजला बदलून दुसरी, मग थोडं चालणं. डोंगराच्या बाजूला ती जुनी दगडी इमारत. लोक तिथं तलवारी बघायला जातात, मी चोरासारखी गेले. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत किती उन्हातून चालावं लागतं, पायऱ्या उंच आहेत की बसक्या, ओट्यावर काय, पहिल्या दालनात काय. ओट्यावर देवीची मोठी काळी मूर्ती होती, एक हात तुटलेला. तिथून आत शिरले. दुसऱ्या दालनातला पंखा कुरकुरत होता, ते लक्षात ठेवलं. काचेला कुणी टेकलं की पहारेकरी शिट्टी मारायचा, तीही लक्षात ठेवली. ती शिट्टी न सांगता वाजली असती तर आमचं तिथंच संपलं असतं. त्या नादात एकही तलवार मी नीट पाहिली नाही.

मग आमच्या दोन खोल्यांत तालीम सुरू झाली. कपडे वाळत घालायची दोरी आडवी बांधली, ती दोरी म्हणजे काच. त्यामागं तांब्याचा हंडा, विळी, सासऱ्यांची घोंगडी, मुसळ. सासूबाई त्या वेळी गावाहून आलेल्या होत्या, त्यांना पहारेकरी केलं. आमचं घर मूळचं मेंढपाळांचं. सासूबाईंचं अर्धं आयुष्य कळपामागं रानोमाळ गेलेलं. त्या स्टुलावर ताठ बसायच्या आणि पोरीचं बोट दोरीला लागलं की दोन बोटं तोंडात घालून मेंढरं वळवायची शिट्टी मारायच्या. खरा पहारेकरी त्यांच्यापुढं काहीच नव्हता.

अडचण आली ती देवीची. देव्हाऱ्यातला एखादा टाक खाली मांडावा असं मी म्हणाले, तर सासूबाईंनी साफ नाही म्हटलं. देव खेळायला नसतो, म्हणाल्या. मग वरवंटा उभा करून त्याला देवी म्हटलं. तरी त्यांचं समाधान होईना.

"तिथं समदे देव मांडून ठिवलेत आन् दिवा नाय लावत?" त्यांनी विचारलं.

नाही लावत, मी म्हणाले. हळदकुंकू पण नाय? नाही. नुसतं बघायचं आणि पुढं जायचं? हो. त्यावर त्या पोरीला म्हणाल्या की हात नको लावू, पण मनात पाया पड. मी म्हटलं, एवढं चालेल, मनातलं कुणाला दिसत नाही.

रोज संध्याकाळी मी तिला तेच त्याच क्रमानं सांगायचे. बस थांबेल. जोडीनं रांग. आई फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसलेली असेल, ती आत येणार नाही. अंगण, मग पायऱ्या. ओट्यावर देवी. तिथं बूट काढायचे, भिंतीला लावून ठेवायचे, हात पाठीमागं बांधायचे, आत जायचं. पंखा कुरकुरेल. शिट्टी वाजेल, ती तुझ्यासाठी नाही. सहलीच्या आदल्या दिवशी तिनं हे सगळं मला पुन्हा म्हणून दाखवलं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. त्या दिवशी मला माझा गर्व वाटला होता, खोटं कशाला बोलू.

सहलीच्या सकाळी मी त्यांच्या बसच्या आधी पोहोचले आणि कट्ट्यावर जाऊन बसले. थंडी चांगली होती, दगड अंगाला लागत होता. बस आली, मुलं उतरली, रांग झाली. रांगेतून जाताना तिनं माझ्याकडं पाहिलं, आई सांगितलेल्या जागी आहे की नाही एवढंच तपासलं आणि पुढं गेली. अंगण झालं. पायऱ्या झाल्या. फाटकातून मला ओटा सरळ दिसत होता.

देवीसमोर ती खाली बसली आणि बुटाचा पट्टा काढायला लागली. मागची जोडी तिच्यावर आदळली, त्यामागची त्यांच्यावर. बाई पुढून वळून आल्या, वाकल्या, काहीतरी म्हणाल्या. तिनं मान हलवली आणि दुसरा पट्टा काढला.

तेव्हा मी बाकीच्या मुलांच्या पायांकडं पाहिलं. सगळ्यांच्या पायात बूट होते. बाईंच्या पायात सँडल होत्या. एक गृहस्थ बूट वाजवत देवीच्या शेजारून बाहेर आले आणि पायऱ्या उतरले. संग्रहालयात बूट कुणीच काढत नाही. मी काढले होते. त्या दुपारी देवी दिसली आणि माझ्या चपला आपोआप निघाल्या, मला कळलंसुद्धा नाही. आमच्याकडं हे असंच. शेंदराचा दगड दुरून दिसला तरी माझे सासरे काट्याकुट्यात वहाणा काढून हातात घेत आणि तो मागं पडेपर्यंत अनवाणी चालत. शहरात येऊन मला इतकी वर्षं झाली, माझे पाय काही शहरात आलेच नव्हते. आणि त्या पायांच्या भरवशावर मी पोरीला सांगून ठेवलं होतं की इथं असंच करतात.

बाईंनी एक बूट उचलला आणि तिच्या पायात घालायला गेल्या. तिनं पाय ओढून घेतला. तिची पाठ ताठ झाली, मानेपासून कंबरेपर्यंत, फळीसारखी. ती पाठ मला पक्की ओळखीची होती. यानंतर ती आडवी होते.

मी उठून उभी राहिले. नेमकं त्याच वेळी तिनं वळून फाटकाकडं पाहिलं. आई बसलेली असेल असं मी सांगितलं होतं आणि आई उभी होती. एवढ्या लांबूनही तिचं तोंड उघडताना मला दिसलं. मी मटकन खाली बसले.

"कायकू परेशान होते बाई," फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "बच्चे हैं, होता है."

त्याला काहीतरी झोंबणारं सुनावायची इच्छा झाली होती, पण माझं लक्ष बाईंच्या हातावर होतं. त्यांनी माझ्या दिशेनं हात अर्धा वर केला होता. तो हात पुरता वर गेला की मला आत जावं लागणार आणि मी आत गेले की दाखला. ओरडून सांगावं तर मुलगी बिथरणार. उठावं तरी बिथरणार. मी बसल्या जागी वाकले, पायातल्या दोन्ही चपला काढल्या, एक हातात धरून बाईंना दिसेल अशी उंच केली आणि दुसऱ्या हातानं देवीकडं बोट केलं. भर फाटकात मी माझ्या मुलीच्या बाईंना चप्पल दाखवत होते. पहारेकरी दोन पावलं मागं सरकला.

बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. मग त्यांनी देवीकडं पाहिलं, मग खाली बसलेल्या मुलीकडं, मग पुन्हा माझ्या अनवाणी पायांकडं. हात हळूहळू खाली आला. हातातला बूट त्यांनी जमिनीवर ठेवला.

मुलगी उठली. दोन्ही बूट उचलून भिंतीला लावून ठेवले, हात पाठीमागं बांधले आणि आत गेली. तिच्यामागून सगळी रांग बुटांसकट गेली आणि ओट्यावर तेवढी एक जोडी उरली.

खरी भीती मला नंतर वाटली. ती आता मला दिसत नव्हती. बाकीच्यांनी बूट का काढले नाहीत, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. कुणाचा बूट तिच्या बोटांवर पडला तर काय, हेही सांगितलेलं नव्हतं. आतून शिट्टी वाजली आणि मी कट्ट्याची कड घट्ट धरली. मग मुलांचा गलका झाला, मग एकदम शांतता. कुणीतरी रडल्यासारखं वाटलं, ते डोंगराकडच्या मोराचं ओरडणं होतं. माझा पाय मुंग्या येऊन बधिर झाला तरी मी हलले नाही. चपला पायात घालायचंही सुचलं नाही.

सगळ्यांत शेवटी ती बाहेर आली, बाईंच्या शेजारून, पण त्यांचा हात न धरता. बूट घातले, पट्टे लावले, रांगेत जाऊन उभी राहिली. बाई फाटकापर्यंत माझ्याकडं आल्या.

"तुमच्याकडं असं काही असतं, तर आधी सांगायचं ना," त्या रागानंच म्हणाल्या. "साऱ्या वर्गात एकटी अनवाणी. मुख्याध्यापिकांना मी काय सांगू?"

मी म्हणाले, तिचं काही चुकलं नाही, तिला मीच तसं सांगून ठेवलं होतं. आत तिनं काही केलं नाही, एवढंच बाई म्हणाल्या, आणि दाखल्याचं आत्ता राहू द्या, असं म्हणून बसकडं गेल्या. मी किती वेळ तिथं रडत बसले ते पहारेकऱ्याला ठाऊक. त्यानं पाणी आणून दिलं.

संध्याकाळी जेवताना सासूबाईंनी नातीला विचारलं की काय काय बघितलं. ती सांगायला लागली. बस थांबली. जोडीनं रांग झाली. ओट्यावर देवी. पंखा कुरकुरला. माझा घास तोंडातच राहिला. डिसेंबरच्या थंडीत पंखा कोण लावतो? ती मला माझंच सांगितलेलं परत सांगत होती, त्याच शब्दांत, त्याच क्रमानं. म्हणजे ती तिथं जाऊनही मी दाखवलेलंच बघून आली होती. दाखला वाचल्याचा आनंद त्या क्षणी माझ्या अंगातून उतरला. शाळेचं एक वेळ निभेल, पण मी कुठवर पुरणार? मी नसेन तेव्हा हिला उद्याचा दिवस कोण सांगणार? ही भीती मला पहिल्यापासून होती, दाखला तर तिच्यापुढं काहीच नव्हता.

तिचं सांगून संपलं होतं. ती भाकरी कुस्करत होती. मग मान वर न करता म्हणाली, "फरशी गार होती."

"व्हय?" सासूबाई म्हणाल्या.

"लई गार. पायाला. आईनं सांगितलं नव्हतं."

मी सांगितलं नव्हतं, कारण त्याच फरशीवरून अनवाणी चालूनसुद्धा मला ती जाणवली नव्हती. मी तिच्या पाठीकडं पाहिलं. पाठ सैल होती. तिनं ताट माझ्याकडं सरकवलं आणि आमटी मागितली.